कर्बाचा बाजार आपल्या बांधापर्यंत कसा आला

मृद्-परीक्षणाच्या पत्रिकेत ‘सेंद्रिय कर्ब’ या नावाचा एक रकाना असतो, तो आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिला असेलच. आपल्याकडील काळ्या जमिनीत त्या रकान्यात बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा आकडा येतो, व आजवर त्या आकड्याचा संबंध शेणखताशी आणि पिकाच्या उताऱ्याशी होता. अलीकडे मात्र हा आकडा विकत घेणारे लोक खेड्यांतून फिरू लागले आहेत. पऱ्हाट्या जाळू नका, नांगरट कमी करा, बांधावर झाडे लावा. त्यामुळे जमिनीत जो कर्ब साठेल त्याचे पैसे आम्ही देऊ, असे ते सांगतात व एका कागदावर सही मागतात. आमच्या भागात असा एक कागद मी वाचून पाहिला. मुदत वीस वर्षांची. दर किती, तो कोण ठरविणार व न पटल्यास दाद कोठे मागावी, याविषयी कागदात एक अक्षर नाही. माझी सारी नोकरी महसूल खात्यात सातबारे व फेरफार लिहिण्यात गेली. त्यामुळे कागदात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिले नाही, इकडे माझी दृष्टी प्रथम जाते. हा बाजार मुळात कोणी काढला, तो देशोदेशी कसा पसरला व जाईल तेथे त्याचे रूप कसे पालटत गेले, हे समजून घेतल्यावाचून शेतकरी बंधूंनी अशा कागदावर सही करू नये, असे माझे मत आहे.

मूळ कल्पना अवघड नाही. कोळसा, तेल इत्यादी जाळल्याने कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायू हवेत जातो व त्यामुळे पृथ्वीची उष्णता वाढते. सरकारने असे ठरवावे की, सर्व कारखान्यांनी मिळून वर्षाला अमुक इतकेच टन हा वायू सोडावा. तितक्या टनांचे परवाने कारखान्यांत वाटावेत अथवा लिलावाने विकावेत. ज्या कारखान्याला सुधारणा करून धूर कमी करणे स्वस्त पडते, त्याने तो कमी करावा व उरलेले परवाने विकावेत. ज्याला ते महाग पडते, त्याने ते विकत घ्यावेत. एकूण धूर ठरल्या मापाबाहेर जात नाही, व तो कमी करण्याचे काम जेथे कमी खर्चात होते तेथेच होते. कॅनडातील टोरांटो येथील अर्थशास्त्रज्ञ जॉन डेल्स यांनी १९६८ साली पाण्याच्या प्रदूषणाविषयी ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली. तिचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेने केला. तेथील वीजकेंद्रांच्या गंधकयुक्त धुरामुळे आम्लाचा पाऊस पडून अरण्ये व सरोवरे नासू लागली होती. त्यावर १९९० साली कायदा होऊन १९९५ पासून गंधकाच्या धुराचे परवाने विकले जाऊ लागले, आणि धूर अपेक्षेपेक्षा स्वस्तात कमी झाला.

येथून ही कल्पना प्रवासाला निघाली, व तिचा हा प्रवास मोठा मौजेचा आहे. १९९७ च्या डिसेंबरात जपानातील क्योटो येथे राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा परवान्यांच्या व्यापाराचा आग्रह अमेरिकेचा होता. युरोपीय राष्ट्रांना ती गोष्ट फारशी रुचत नव्हती. त्यांना कर बसवावयाचा होता, व १९९२ पासून तसा प्रयत्नही चालला होता. परंतु युरोपीय संघात कर बसवावयाचा म्हणजे प्रत्येक राष्ट्राची संमती हवी. एकाने मान हलविली की कर अडला. परवान्यांच्या बाजाराला मात्र बहुमत पुरेसे होते. पुढे २००१ साली अमेरिकेने क्योटोच्या करारातून अंग काढून घेतले, आणि ज्या युरोपला ही युक्ती नको होती त्याच युरोपने ती उचलून १ जानेवारी २००५ पासून जगातील सर्वात मोठा कर्बबाजार उघडला! तात्पर्य, कल्पना उत्तम म्हणूनच ती स्वीकारली गेली असे नव्हे. घरच्या कायद्याच्या फटीतून जी आत शिरू शकली ती स्वीकारली गेली. सरकारी कचेरीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

युरोपच्या मागून पुष्कळ देश गेले. न्यूझीलंडने २००८ साली आरंभ केला, कझाकस्तानने २०१३ साली, दक्षिण कोरियाने २०१५ साली. अमेरिकेचे सारे राष्ट्र मागे राहिले तरी कॅलिफोर्निया संस्थानाने आपला बाजार उभारला, व २०१४ साली कॅनडातील क्वेबेक प्रांताने आपला बाजार त्याला जोडला; ऑन्टेरिओ प्रांतही २०१८ च्या आरंभी त्यांत सामील झाला, पण त्याच वर्षी तेथे सरकार बदलले व तो बाहेर पडला. ऑस्ट्रेलियाने २०१२ साली कर्बावर दर बसविला व २०१४ साली कायदाच रद्द केला. कझाकस्तानने दोन वर्षे बाजार बंद ठेवून २०१८ साली पुन्हा सुरू केला. ज्याला वीस-वीस वर्षांचे करार करावयास सांगितले जाते, त्या शेतकऱ्याने ही उदाहरणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

चीनची गोष्ट निराळी. त्याने २०१३ सालापासून सात शहरांत व प्रांतांत प्रयोग करून पाहिले, युरोपातील जाणत्यांकडून विद्या घेतली, आणि १६ जुलै २०२१ रोजी सर्व देशाचा बाजार उघडला. पहिल्या दिवशी टनाला ४८ युआन दर निघाला. परंतु युरोपचे मुख्य अंग, म्हणजे एकूण धुरावरची मर्यादा, ते चीनने घेतले नाही. त्याने ‘एका युनिट विजेमागे इतका धूर’ असे माप ठेवले. वीज वाढली तर धूरही वाढू शकतो. फक्त युनिटमागील प्रमाण घटले पाहिजे. ज्या देशाचे कारखाने अजून वाढावयाचे आहेत त्याला असेच माप सोयीचे पडते, आणि आपल्या हिंदुस्थानानेही पुढे तेच माप पत्करले आहे. नाव युरोपचे, बेतणी चीनच्या मापाची, असा हा आपला अंगरखा आहे.

आपल्या देशात हा व्यापार दोन दारांनी आला. पहिले दार विक्रेत्याचे. क्योटोच्या करारात अशी एक तजवीज होती की, धनवान देशांनी स्वतःचा धूर कमी करण्याऐवजी गरीब देशांतील धूर कमी करण्याचे प्रमाणपत्र विकत घ्यावे. त्या योजनेत चीनच्या खालोखाल हिंदुस्थानातील प्रकल्प नोंदले गेले. आपल्या महाराष्ट्रातील सातारा, सांगली व धुळे या बाजूच्या पवनचक्क्या, तसेच उसाच्या बगॅसवर वीज करणारे साखर कारखाने यांना त्या काळी ही प्रमाणपत्रे मिळाली. २००८ साली एका प्रमाणपत्राचा दर वीस युरोच्या वर होता. पुढे युरोपात मंदी आली, परवाने गरजेपेक्षा अधिक झाले, आणि २०१२ संपता संपता तोच दर एका युरोच्या खाली घसरला. त्यानंतरच्या नव्या प्रकल्पांपैकी केवळ अतिमागास देशांचीच प्रमाणपत्रे घेऊ, असे युरोपने ठरविले. त्या यादीत हिंदुस्थान नव्हता. कापसाचा भाव पडला तर कापूस निदान घरात तरी राहतो. येथे माल म्हणजे एक कागद, आणि घेणाऱ्याने नियम बदलला की तो कागद रद्दी.

दुसरे दार कायद्याचे. २०१२ सालापासून केंद्र सरकारने ४७८ मोठ्या कारखान्यांना इंधनाची बचत करण्याचे माप घालून दिले व जास्त बचत करणाऱ्यास प्रमाणपत्र विकण्याची मुभा दिली. धुराच्या कणांचा बाजार करून पाहावा म्हणून २०११ साली गुजरात, तामिळनाडू व आपला महाराष्ट्र अशी तीन राज्ये निवडली गेली होती. प्रत्यक्षात पहिला प्रयोग २०१९ साली सुरतेस उभा राहिला. तेथे सुमारे तीनशे कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसविली गेली. बाजारात असलेल्या कारखान्यांचा धूर बाहेरच्यांपेक्षा वीस ते तीस टक्क्यांनी कमी झाला, असे तो प्रयोग तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आहे. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. बाजार ही वाईटच वस्तू आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. सुरतेस तो चालला, कारण धुराडे एक, त्यावर यंत्र एक, व त्या यंत्राचा आकडा सरकारजमा होत असे.

त्यानंतर २०२२ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा दुरुस्त झाला व २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना जाहीर झाली. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, कागद, कापडगिरण्या, खत इत्यादी नऊ धंदे तिच्या कक्षेत घेण्याचे ठरले, व कारखान्यांना टनामागे धुराचे माप घालून देणारे नियम २०२५ साली निघाले. एवढी त्वरा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण सातासमुद्रापलीकडे आहे. युरोपने आपल्या सीमेवर एक नवा आकार बसविला आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते वगैरे माल बाहेरून युरोपात गेला तर तो करताना जो कर्बवायू निघाला असेल त्याची किंमत भरावी लागते. ऑक्टोबर २०२३ पासून नुसता हिशेब मागितला जात होता. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणी लागू झाली. यात एक कलम असे आहे की, माल जेथे तयार झाला त्या देशातच कर्बाची किंमत भरली असेल, तर तेवढी वजावट मिळावी. मग कोणताही शहाणा कारभारी हाच विचार करणार की, युरोपच्या खजिन्यात पैसे भरण्यापेक्षा ते आपल्या घरीच वसूल करावेत. हिंदुस्थान सरकारने या सीमाकराला उघड विरोध केला आहे व तो रास्त आहे. तरीही त्याचा रेटा घरच्या बाजाराला लागलाच. पूर्वी कल्पना पुस्तकांतून व परिषदांतून पसरत असे, आता ती जकातनाक्यावरून पसरते, असे म्हणावयास हरकत नाही.

येथपर्यंत सारे कारखानदारांचे झाले. शेतकऱ्याचा संबंध यापुढे येतो. आपल्या शेतीवर या योजनेने कोणतेही बंधन घातलेले नाही, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण खेड्यांत नाना तऱ्हेच्या कंड्या उठतात. खताचे कारखाने मात्र कक्षेत आहेत. युरियाच्या गोणीची किंमत सरकार ठरविते, तेव्हा तेथील वाढीव खर्च सरकारी तिजोरीवर पडेल. इतर खतांच्या बाबतीत तो आपल्या अंगावर येण्याचा संभव आहे. यापलीकडे शेतकऱ्याला जे स्थान दिले आहे ते विक्रेत्याचे. डिसेंबर २०२३ मध्ये योजनेत दुरुस्ती होऊन, बंधन नसलेल्यांनाही स्वेच्छेने कर्ब वाचवून प्रमाणपत्र मिळविण्याची वाट करून देण्यात आली. व २९ जानेवारी २०२४ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी शेतीक्षेत्रातील ऐच्छिक कर्बबाजाराची रूपरेषा प्रसिद्ध केली. आज जे लोक कागद घेऊन येतात त्यांतील कित्येक परदेशी नोंदणी-संस्थांच्या ऐच्छिक बाजारासाठी काम करतात. सरकारी योजना व खाजगी बाजार हे दोन निराळे विषय आहेत. ‘सरकारची योजना आहे’ एवढ्या शब्दावर कोणी विसंबू नये.

आता न्यूझीलंडकडे पुन्हा वळतो, कारण आपल्या उपयोगाचा धडा तेथेच अधिक आहे. त्या देशाच्या एकूण उष्णतावर्धक वायूंपैकी जवळजवळ निम्मे शेतीतून, मुख्यतः गाईमेंढ्यांच्या रवंथातून, निघतात. २००३ साली तेथील सरकारने गुरांवर संशोधनासाठी एक पट्टी बसविण्याचे काढले. शेतकऱ्यांनी हलकल्लोळ केला व ती मागे घेतली गेली. २००८ च्या कायद्यात शेतीलाही पुढे कर्बबाजारात आणावयाचे योजिले होते. ती तारीख पुढे पुढे ढकलत गेली. २०१९ साली सरकार व शेतकऱ्यांच्या संस्था यांनी एकत्र बसून तोडगा काढण्याचे ठरविले. २०२२ साली सरकारने जे ठरविले ते न पटल्यामुळे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन शहरांत आले. आणि २०२४ साली नव्या सरकारने शेतीला त्या बाजारातून वगळण्याचे जाहीर केले. त्या शेतकऱ्यांची भूमिका सर्वस्वी बरोबर होती, असे मी म्हणत नाही. ज्यांच्याकडून निम्मा वायू निघतो त्यांनी काहीच करू नये, हे न्यायाला धरून नाही. परंतु वीस वर्षे नियम ठरत असताना शेतकऱ्यांच्या संस्था मेजाशी बसलेल्या होत्या, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. आपल्याकडे नियम ठरले तेव्हा मराठवाड्यातील कोणती शेतकरी संस्था मेजाशी होती? मला तरी एकही माहीत नाही.

बाहेरून आलेली रीत आपल्या मातीत रुजण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हे. आपला सर्व्हे नंबर, आपला आकार, जमिनीची प्रतवारी, हे सर्व असेच बाहेरून आलेले आहे. पेशवाई गेल्यावर पुण्याच्या मुलखात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७ ते १८३० च्या सुमारास मोजणी केली. विलायतेतील अर्थशास्त्र्यांचा खंडाचा सिद्धांत तो शिकून आला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावे, लागवडीचा खर्च वजा करावा, व निव्वळ उरेल त्याच्या शेकडा ५५ सरकारने घ्यावे, असा त्याचा हिशेब. सिद्धांतात काही दोष नव्हता; परंतु उत्पन्नाचे आकडे हाताखालच्या लोकांनी मन मानेल तसे भरले, मोजणी चुकली, चांगल्या जमिनीवर हलका व हलक्या जमिनीवर भारी आकार बसला, आणि रयतेने गावेच्या गावे ओसाड टाकली. पाच-सहा वर्षांत ती व्यवस्था मोडावी लागली. मग १८३६ साली इंदापुरास गोल्डस्मिड व विंगेट यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला, जमिनीची प्रत डोळ्यांनी व हातांनी पाहून ठरविली, आकार हलका ठेवला व तो तीस वर्षांसाठी कायम केला. ती पद्धत टिकली. इतकेच नव्हे, तर मुंबई इलाख्यातून वऱ्हाडात गेली व एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात निजामाच्या राज्यातील आपल्या मराठवाड्यातही आली. येथे तिची नावे पालटली, खातेदाराचा ‘पट्टेदार’ झाला, कुळाचा ‘शिकमीदार’ झाला. पण सांगाडा तोच राहिला. जाता जाता सांगतो, आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा. विलायतेतील सहासष्ट फुटांच्या साखळीची ती नेमकी निम्मी आहे. परकी साखळी अशी अर्धी होऊन आपल्या बोलण्यात बसली, की आज ती परकी होती हे कोणाला सांगून खरे वाटत नाही.

प्रिंगलचे जे झाले तेच कर्बाच्या बाबतीत होण्याची मला भीती वाटते, व तिचे कारण मी आकड्यांनी दाखवितो. एक एकर जमिनीतील एक फूट खोलीपर्यंतच्या मातीचे वजन सुमारे १,६०० टन भरते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, म्हणजे ०.५ चा ०.६ झाला, तर १.६ टन कर्ब वाढला. बारा भार कर्बाचे चव्वेचाळीस भार कर्बवायू होतात. त्या हिशेबाने हे सुमारे ५.९ टन झाले. आपल्या उष्ण हवेत व काळ्या रानात एवढी वाढ व्हावयास दहा वर्षे लागली असे धरू. म्हणजे वर्षाला एकरी सहा दशांश टनाहूनही किंचित कमी. केवळ हिशेबासाठी टनाला पाचशे रुपये दर धरला, तर एकरी वर्षाचे तीनशे रुपयेही पुरते होत नाहीत. आणि त्यातून मोजणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा, नोंदणाऱ्याचा व विकणाऱ्याचा वाटा जावयाचा आहे. दर दुप्पट धरा, हिशेब फारसा बदलत नाही.

याहून मोठी अडचण मापाची. ०.१ टक्क्याचा फरक हा एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत सहज सापडतो. उकिरड्याजवळची माती घ्या, मधल्या भागातली घ्या, पाणी साचते तेथली घ्या, आकडा वेगळा येईल. धुराड्याला यंत्र लावता येते, रानाला लावता येत नाही. म्हणून पुष्कळदा माती न मोजता, उपग्रहाच्या चित्रांवरून व गणिती नमुन्यांवरून कर्ब किती वाढला ते ठरविले जाते. नमुना चुकला तर त्याचे प्रायश्चित्त कोण घेणार? २०२४ साली अमेरिकेतील व्हेरा या नोंदणी-संस्थेने चीनमधील भातशेतीचे ३७ प्रकल्प आपल्या नियमांत बसत नाहीत म्हणून बाद केले. ज्या शेतकऱ्यांच्या नावांवर ते प्रकल्प उभे होते, त्यांना त्या संस्थेचे नाव तरी ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

त्यानंतर हक्काचा प्रश्न येतो, व येथे माझ्या जुन्या धंद्याचा संबंध पोहोचतो. आपल्या जिल्ह्यात बटईने व ठोक्याने कसलेली जमीन थोडी नाही. कुळकायद्याच्या धास्तीने मालक बटईदाराचे नाव पीक पाहणीत येऊ देत नाही. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यापासून हे चालत आले आहे. आता पऱ्हाट्या न जाळता रानात कुट्टी करून गाडणार बटईदार, त्यासाठी लागणारी मजुरी सोसणार बटईदार, आणि कर्बाची सही करणार सातबाऱ्यावरचा मालक, जो कदाचित पुण्यास किंवा संभाजीनगरास नोकरीत असेल. पैसा कोणाच्या खात्यावर जाईल हे सांगावयास नको. वीस वर्षांत खातेदार मरण पावतो, वारसा लागतो, खातेफोड होते, एखादा तुकडा विकला जातो. त्या कराराचा भार नव्या मालकावर चालतो की नाही? इतर हक्कांच्या रकान्यात त्याची नोंद होणार की नाही? एका भावाने करार पाळला व दुसऱ्याने नांगर घातला, तर साठलेला कर्ब परत गेल्याचा दंड दोघांवर की एकावर? मी पाहिलेल्या कागदात ‘अटींचा भंग झाल्यास दिलेली रक्कम परत’ एवढे एकच वाक्य होते. दुष्काळात बैल विकावे लागले व भाड्याच्या ट्रॅक्टरने खोल नांगरट झाली, तर तो भंग समजावयाचा काय?

यावर कोणी म्हणेल, की मग हे सारे झुगारून द्यावे. मला तसे वाटत नाही. काडीकचरा रानात जिरविणे, बांधावर झाडे राखणे, हिरवळीचे खत गाडणे, या गोष्टी कर्बाचे पैसे मिळोत न मिळोत, करावयाच्याच आहेत. त्याने पाऊस मुरतो व पावसाने ओढ दिली तरी पीक चार दिवस अधिक तग धरते. शिवाय कारखान्यांच्या धुरामुळे जी उष्णता वाढली तिचा मार जिरायत शेतीला बसतो आहे, तेव्हा कारखान्यांकडून शेतीकडे काही पैसा यावा, हे न्याय्यच आहे. माझा आक्षेप पैशाला नाही. एकट्या-दुकट्या शेतकऱ्याने, मोजमापाची काही साधने हाती नसताना, वीस वर्षांचे बंधन पत्करावे याला आहे.

कर्बाच्या टनावर पैसे देण्याऐवजी कामावर पैसे द्यावेत, अशी मागणी आपण का करू नये? इतके फूट बांधबंदिस्ती, इतकी झाडे तीन पावसाळे जगविली, इतक्या एकरांत पऱ्हाट्यांची कुट्टी गाडली, हे गावात चारचौघांसमोर मोजता येते व त्यात वाद राहत नाही. आपल्या महाराष्ट्राला कामाच्या मापावर पैसे देण्याची सवय आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे याच रीतीने निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला, व पुढे २००५ साली सर्व देशाने तसा कायदा करताना आपल्याकडे पाहिले. म्हणजे कायदे नेहमी युरोप-अमेरिकेतूनच येतात असे नाही, येथूनही बाहेर गेलेले आहेत. बाजार चीनमध्ये जाताना चीनसारखा झाला, कॅलिफोर्नियात कॅलिफोर्नियासारखा झाला. मराठवाड्यात येताना तो मराठवाड्यासारखा व्हावा म्हणून येथल्या लोकांनी तोंड उघडले पाहिजे.

करार करावयाचाच झाला तर तो संघाने अथवा गावच्या सोसायटीने सर्वांच्या वतीने करावा, कागद मराठीत असावा, मुदत पाच वर्षांहून अधिक नसावी, बटईदाराचा वाटा त्यात लिहिलेला असावा, व अवर्षणाच्या वर्षी, म्हणजे गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली त्या वर्षी, कोणत्याही भंगाबद्दल वसुली होऊ नये. पैसेवारी सरकारच जाहीर करते, तेव्हा त्यात वादाला जागा नाही. विकणाऱ्या कंपनीने प्रमाणपत्र कोणाला व किती दराने विकले त्याची नक्कल संघाच्या दप्तरी आली पाहिजे. अडत्याच्या पट्टीवर दर लिहिलेला असतो, मग येथे का नसावा?

आणि मोजणीचे काम आपण विकत घेणाऱ्यावर सोडू नये. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्या परभणीतच आहे. त्याच्या मृद्-शास्त्र विभागाकडून प्रत्येक तालुक्यातील काही ठराविक शेते निवडून घ्यावीत, हलकी, मध्यम व भारी अशी निरनिराळी. आणि त्यांतील सेंद्रिय कर्बाचा आजचा आकडा संघाच्या वहीत लिहून ठेवावा. नमुने एका ठराविक खोलीचे, ठराविक महिन्यात, पिकाची काढणी झाल्यावर व खत पडण्यापूर्वी घेतलेले असावेत. नाही तर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. पहिल्या वर्षाचा आकडा ज्याच्या वहीत, त्याचे म्हणणे दहाव्या वर्षी खरे ठरते, हे जमिनीच्या प्रत्येक दाव्यात मी पाहिले आहे. हा विषय संघाच्या येत्या सभेपुढे घ्यावा, असे मी लेखी कळविले आहे. सभासदांनी येताना आपापली मृद्-पत्रिका, असेल त्या वर्षाची, बरोबर आणावी. व ज्यांनी आधीच कोठे सही केली असेल त्यांनी त्या कागदाची नक्कल आणावी, म्हणजे तो सर्वांसमक्ष वाचून पाहता येईल.